कमवा आणि शिका : हिशेब पैशांचा आणि तासांचाही

बारावीनंतर गाव सोडून पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा नागपूर गाठणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे प्रवेश शुल्काइतकाच मोठा प्रश्न असतो तो खोलीभाड्याचा आणि मेसच्या डब्याचा. साहजिकच अनेक जण अर्धवेळ नोकरी शोधतात. मात्र पगाराचा आकडा पाहण्यापूर्वी तासांचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात या विचाराला मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुले श्रम करून शिकू लागली. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातही हेच सूत्र होते. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना मोजके तास काम मिळते. जाण्या-येण्याचा वेळ वाचतो, हा तिचा मोठा लाभ.

श्रेयांक पद्धतीत एका सैद्धान्तिक श्रेयांकासाठी सत्रात १५ तासिका धरल्या जातात. २० श्रेयांकांच्या सत्रात आठवड्याला सुमारे २० तास वर्गातच जातात. प्रात्यक्षिके असल्यास त्याहून अधिक. स्वयं-अध्ययनासाठी तेवढाच वेळ धरला आणि सहा दिवस रोज तीन तास काम केले, तर बेरीज ५८ तासांवर जाते. याहून जास्त काम स्वीकारल्यास आधी झोप कमी होते, मग हजेरी. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थितीची अट असते. ती न पाळल्यास परीक्षेला मुकावे लागू शकते. वाया गेलेल्या एका वर्षाचा खर्च वर्षभराच्या मिळकतीलाही गिळून टाकतो.

म्हणून नोकरीपूर्वी शुल्कसवलतींची चौकशी करावी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसाठी 'महाडीबीटी' संकेतस्थळावर अर्ज करता येतो. केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. शिष्यवृत्तीची रक्कम अनेकदा उशिरा जमा होते. त्यामुळे तिच्या भरवशावर उसनवारी करू नये.

नोकरी घ्यावीच लागली, तर परीक्षेच्या काळात रजा मिळेल का, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे. पहिल्या पगारातून परीक्षा शुल्क बाजूला काढावे. पूर्णवेळ नोकरीला पर्याय नसल्यास नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग १९८९ पासून खुला आहे.

कमाई शिक्षणासाठी आहे, हे सूत्र सुटले की दोन्ही बाजूंनी तोटाच होतो.