भट्टीवरचा धडा

आमच्या जावळी तालुक्यातील बायकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात आडव्या बाटलीला मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली. त्या तालुक्याच्या मेढ्याहून आम्ही कामगार मंडळी गोव्यात काजूची भट्टी पाहावयास गेलो, हे ऐकून श्रोत्यांस हसू येईल. येऊ द्या. ज्या वस्तूशी भांडावयाचे ती आधी ओळखावी, एवढाच आमचा हेतू होता.

चैत्राचे दिवस होते. बोंडू पायांनी तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबतो. मग तो तांब्याच्या भाणात भरून खाली लाकडे पेटवितात. पहिल्यांदा गाळून निघतो तो हुर्राक. त्यात पुन्हा रस मिसळून गाळली की झाली फेणी, सुमारे ४२ टक्के मद्यार्काची. आमच्यातील माळकरी गड्याने नुसता वास घेतला. बाकीच्यांनी थेंबभर जिभेवर ठेवला. आधी काजूचा गोडसर दर्प, मागाहून जाळ! भट्टीवाल्याचे डोळे मात्र रात्रभर विस्तवापाशी बसून लाल झाले होते.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ब्राझीलहून आणले. हॉलंडच्या जेनेव्हरप्रमाणे फेणीचेही नाव आज कायद्याने राखलेले आहे. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले, पण गाळणाऱ्याचे काय?

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा आला. ताडमाडांवरील कर वाढला, गावोगावच्या भट्ट्या मोडून मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या आल्या. त्याच साली इंग्रज-पोर्तुगीज तह झाला आणि ती अबकारी गोव्यातही शिरली. तो तह १८९२ पर्यंत टिकला. सरकारला दारूचा पैसा एका ठिकाणी गोळा करावयाचा होता. म्हणून तर १८८० साली जोतीराव फुल्यांना पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांवर हरकत घ्यावी लागली.

पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याकडे वळणारी पावले आम्ही पाहिली आहेत. रिकामे पाकीट हाती घेऊन आमच्या दारी आलेली एका सोबत्याची बायकोही आम्हांस आठवते. तेव्हा आमचे मत आडव्या बाटलीलाच. पण त्या लाल डोळ्यांशी आमचे वैर नाही. दारूचा हिशेब मांडताना पिणाऱ्याचे घर, गाळणाऱ्याची रात्र आणि कर-मक्त्याची थैली ही तिन्ही खाती उघडावीत. आजवर पहिल्या दोघांनाच दोष लागला. थैलीकडे मात्र कोणी बोट दाखविले नाही.