मात्रा, घटका आणि साडेचार तास

‘डॉक्टर, पेशंट सिरीयस आहे, लवकर बघा,’ असे तुम्ही सांगता. आम्ही मात्र आधी विचारतो, ‘कधीपासून?’ हा प्रश्न जुनाच आहे, फक्त वेळ मोजायचे शब्द बदलत गेले.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात म्हटले आहे की, सापाचे विष दंशाच्या जागी शंभर मात्रा थांबते आणि मग अंगात पसरते. मात्रा म्हणजे एक ह्रस्व स्वर उच्चारायला लागणारा वेळ. आज हे माप आपण धरत नाही, आवळपट्टीही बांधत नाही. पण वैद्य तेव्हाही वेळ मोजत होता, हे लक्षात घ्या.

पुढे आपल्या बोलण्यात घटका आणि प्रहर राहिले. घटका 24 मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. ‘शेवटच्या घटका मोजतोय’ असे आपण अजून म्हणतो. म्हणजे घटका आठवते ती उपाय संपल्यावर!

विसाव्या शतकात अमेरिकेतील बाल्टिमोरचे सर्जन अॅडम्स काउली यांनी जबर जखमींसाठी ‘गोल्डन अवर’ हा शब्द रूढ केला. 2019 च्या दुरुस्तीने तो आपल्या मोटार वाहन कायद्यातही आला. आपल्या भाषेत अडीच घटका. एकसष्टाव्या मिनिटाला सगळे संपते असे नाही; पण उशीर महागात पडतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात हेच दाखवले: प्राझोसिन जितके लवकर, तितका धोका कमी.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांत उपयोगी पडते, हे 1995 साली सिद्ध झाले. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. म्हणजे दीड प्रहर. त्यातच सोनईहून घोडेगावमार्गे नगर गाठायचे, सीटी स्कॅन करायचा. ‘रात्र काढू, सकाळी बघू’ म्हटले की ही मुदत घरीच संपते.

म्हणून तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर लगेच 108 ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. आणि ‘मघाशी’, ‘सकाळपासून’ असे सांगू नका. माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ते कागदावर लिहून आणा. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला, तर झोपण्यापूर्वीची वेळ लिहा. उपचार कोणता करायचा, हे त्या वेळेवर ठरते.