शिंद्यांच्या तोफांतून घडलेला तारा

काशाचा सहा टोकांचा तारा, मधोमध चांदीचा लहानसा तारा, आणि त्याभोवती महाराजपूर हे नाव व 29 डिसेंबर 1843 ही तारीख. जुन्या पदकांच्या संग्रहांत हा तारा आजही दिसतो. त्यातले कासे आपल्या ओळखीचे आहे. त्या दिवशी ग्वाल्हेरच्या लष्कराकडून घेतलेल्या तोफा वितळवून कंपनी सरकारने आपल्या विजयी सैनिकांसाठी ही पदके घडवली.

पण याच आकाराचे काही तारे सोन्याचे आणि मिनाकारीचे होते. ते बायकांसाठी होते. सरसेनापती गफची पत्नी आणि मुलगी, आणखी एका अधिकाऱ्याची पत्नी आणि हुआना स्मिथ अशा चौघी जणी त्या सकाळी हत्तींवर बसून सैन्याबरोबर निघाल्या होत्या. सहलीला निघावे तशा. ग्वाल्हेरकरांचे गोळे त्यांच्या हत्तींपर्यंत पोहोचले. गव्हर्नर जनरल एलेनबरो स्वतः तिथे हजर होता. त्याने नंतर चौघींना हे दागिन्यासारखे तारे दिले. लष्कर इतके जवळ आणि इतके तयार असेल अशी इंग्रजांची कल्पना नव्हती. जनकोजीराव शिंदे फेब्रुवारीत निपुत्रिक वारले होते, गादीवर आठ-नऊ वर्षांचे दत्तक जयाजीराव होते, दरबारात दोन तट पडले होते. अशा दौलतीचे सैन्य काय लढणार, असा हिशेब होता. लढाईअखेर इंग्रजांचे सुमारे आठशे लोक मेलेले किंवा जखमी होते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या शौर्याचा आपला अंदाज चुकला, असे गफला लिहून द्यावे लागले.

हुआना तेव्हा 45 वर्षांची होती. तिचा नवरा हॅरी स्मिथ इंग्रज सैन्याचा ॲडजुटंट जनरल होता. या लढाईने त्याला ‘सर’ केले आणि तिला ‘लेडी स्मिथ’. तोफगोळ्यांच्या टप्प्यात ती काही पहिल्यांदा आली नव्हती.

या जोडप्याची कहाणी मुख्यतः दोन पुस्तकांवर उभी आहे आणि दोन्ही पुस्तके पुरुषांची आहेत. पहिले जॉन किनकेडचे. तो हॅरीच्याच 95व्या रायफल पलटणीतला सोबती. त्याच्या आठवणींचा दुसरा भाग 1835 साली छापला गेला. दुसरे हॅरीचे आत्मचरित्र. ते त्याच्या हयातीत निघालेच नाही. त्याच घराण्यातल्या जी. सी. मूर स्मिथ या साहित्याच्या अभ्यासकाने 1901 साली ते दोन खंडांत संपादून प्रसिद्ध केले. हॅरीचा स्वतःचा मजकूर 1846 पाशी थांबतो. पुढचे आयुष्य संपादकाने कागदपत्रांवरून जुळवले आहे. म्हणजे ज्या प्रसंगावर सगळे प्रेमाख्यान उभे आहे, त्याचे एकही वर्णन त्या आठवड्यातले नाही. किनकेडचे पुस्तक त्यानंतर 23 वर्षांनी आले. हे लक्षात ठेवूनच बादाहोसला जावे.

6 एप्रिल 1812 च्या रात्री वेलिंग्टनच्या फौजेने स्पेनमधले बादाहोस हे तटबंदीचे शहर फ्रेंचांकडून जिंकले. हाच वेलिंग्टन नऊ वर्षांपूर्वी असईला शिंद्यांच्या तोफांपुढे उभा होता. बादाहोसच्या भिंतीखाली प्रेतांचे ढीग पडले, आणि आत शिरलेल्या शिपायांनी पुढचे काही दिवस शहर लुटले. हे शहर शत्रूचे नव्हते, मित्रराष्ट्राचे होते. लुटीच्या त्या दिवसांत दोन स्पॅनिश बहिणी इंग्रज छावणीत आल्या. बोलली ती थोरली, आणि तिचे नाव किनकेड देत नाही. दोघींच्या कानांतून रक्त ओघळत होते, कारण शिपायांनी कुड्या कानांतून ओढून काढल्या होत्या. आपले घर गेले, स्वतःची पर्वा नाही, पण या धाकटीला कुणीतरी सांभाळा, असे थोरलीचे मागणे होते. धाकटी म्हणजे हुआना मारिया दे लोस दोलोरेस दे लेओन. जन्म 27 मार्च 1798. चौदा पूर्ण होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

किनकेडने प्रांजळपणे लिहिले आहे की आपणही तिच्यावर भाळलो होतो, पण आपल्याहून धीट निघालेल्या मित्राने तिला जिंकले. तो धीट मित्र म्हणजे 24 वर्षांचा ब्रिगेड मेजर हॅरी स्मिथ. काही दिवसांतच कॅथलिक पद्धतीने त्यांचे लग्न झाले. वेलिंग्टन लग्नाला हजर होता आणि पुढे तो तिला लाडाने ‘हुआनिता’ म्हणे. हॅरी हा प्रसंग लिहितो तेव्हा त्याची लेखणी थरथरते. देवाने दिलेले देणे असाच त्याचा सूर आहे. त्या सुरावर शंका घ्यायचे कारण नाही. मात्र त्या मुलीपुढे त्या दिवशी दुसरे कोणते दार उघडे होते, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांना पडत नाही. थोरल्या बहिणीला तो पडला असावा.

तिला इंग्लंडला सासरी धाडणे सोपे होते. ती गेली नाही. घोड्यावर बसायला शिकली, पलटणीबरोबर चालली, चिखलात निजली. सालामांका, व्हिटोरिया, पिरेनीजचे डोंगर, तुलूझ. व्हिटोरियानंतर तिच्याकडे एक पग जातीचे कुत्रे आले. लढाईवरूनच त्याचे नाव ‘व्हिटी’ पडले. 1814 साली हॅरी अमेरिकेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा पहिली मोठी ताटातूट झाली. त्याने तिकडे वॉशिंग्टन जळताना पाहिले. ते जाळणे त्याला मुळीच पटले नाही, आणि का, तेही त्याने लिहिले आहे. हुआना तेवढा काळ लंडनला होती.

तिचा स्वतःचा आवाज या सगळ्या कागदांत सलग असा एकदाच ऐकू येतो, तो वॉटर्लूच्या वेळी. आत्मचरित्रात हॅरी मध्येच बाजूला होतो आणि ती ‘मी’ म्हणून बोलू लागते. लढाईच्या दिवशी तिला मागे अँटवर्पला धाडले होते. परत येताना वाटेत भेटलेले रायफलवाले तिला सांगतात, ब्रिगेड मेजर स्मिथ पडला. ती प्रेतांनी भरलेल्या मैदानावर घोडी दौडवते. प्रत्येक ताज्या मातीच्या ढिगात तिला हॅरीच दिसतो. मग ओळखीचा एक अधिकारी समोर येतो आणि खुलासा होतो. मेला तो चार्ल्स स्मिथ, त्याच पलटणीतला, दुसऱ्या ब्रिगेडचा मेजर. तिचा हॅरी धडधाकट होता. त्याचे दोन भाऊही त्याच रणात होते आणि तेही वाचले. हॅरीच्या पानांत लढाया भराभर सरकतात, घोड्यांची नावे येतात, सेनापतींचे शेरे येतात. या दोन-तीन पानांत मात्र एका बाईचा श्वास लागलेला आहे.

पुढची बरीच वर्षे कंटाळवाण्या नेमणुकांची, मी भराभर उलटतो: कांब्रे, नोव्हा स्कॉशिया, जमैका, आणि 1828 पासून आफ्रिकेतले केप. मूलबाळ झाले नाही. 1835 च्या पहिल्या दिवशी केपटाऊनहून हॅरी घोड्यावर निघाला आणि सहा दिवसांत सुमारे सहाशे मैल तोडून ग्रॅहम्सटाऊनला पोहोचला. खोसा लोकांशी युद्ध सुरू झाले होते. या दौडीचे कौतुक अजून होते. हुआना मागे राहिली, त्यामुळे आपल्याला त्याची तिला लिहिलेली पत्रे मिळाली. संपादकाने त्यांतले उतारे शेवटी जोडले आहेत. तेवीस वर्षांच्या संसारानंतरही हा गडी रणातून बायकोला रोजच्या रोज मनातले लिहितो आहे.

त्याच वर्षी खोसांचा राजा हिन्त्सा वाटाघाटींसाठी इंग्रज तळावर आला. अभयाचे वचन घेऊन आला आणि ओलीस म्हणून अडकला. 12 मे 1835 रोजी हॅरीच्याच पहाऱ्यातून तो घोड्यावर निसटला. हॅरीने पाठलाग केला. पिस्तूल उडाले नाही, तेव्हा हाताने धरून त्याला घोड्यावरून खाली खेचले. राजा नदीकडे पळाला आणि तिथे मार्गदर्शकांच्या तुकडीतल्या एकाने त्याला गोळी घातली. पुढच्या वर्षी चौकशी बसली. तिच्यापुढे आलेल्या जबान्यांतून बाहेर आले की प्रेताचे कान कापून नेले होते.

कुड्यांसाठी फाटलेले दोघी बहिणींचे कान एका कागदात आहेत, आठवणीसाठी कापलेले दोन कान दुसऱ्यात. दोन्ही हॅरी स्मिथच्या आयुष्यातले आहेत. चरित्रकार बहुधा पहिले घेतात. जॉर्जेट हेयरने 1940 साली त्यावरच ‘द स्पॅनिश ब्राइड’ ही कादंबरी लिहिली.

महाराजपूरनंतर दोन वर्षांनी, 28 जानेवारी 1846 रोजी, सतलजकाठी अलिवालला त्याने शिखांचा पराभव केला आणि 67 तोफा मिळवल्या. खुद्द वेलिंग्टनने सरदारसभेत त्याची तोंडभर स्तुती केली. बॅरोनेट होऊन, केपचा गव्हर्नर होऊन तो 1847 च्या डिसेंबरात आफ्रिकेत परतला, आणि हिन्त्साच्या लोकांच्या नायकांना आपल्या बुटाचे चुंबन घ्यायला लावले. तीन वर्षांनी तीच सीमा पुन्हा पेटली. 1852 साली सरकारने त्याला परत बोलावले. मधल्या काळात नकाशावर हॅरिस्मिथ, उत्तर अलिवाल आणि बायकोच्या नावाचे लेडीस्मिथ ही गावे उमटली होती.

12 ऑक्टोबर 1860 रोजी तो लंडनला वारला, वयाच्या 73 व्या वर्षी. त्याला जन्मगावी, केंब्रिजशरमधल्या व्हिट्लसीला पुरले. हुआना 10 ऑक्टोबर 1872 रोजी गेली; बारा वर्षे भरायला दोन दिवस उरले होते. तिला त्याच्याच शेजारी ठेवले.

आत्मचरित्राचे हस्तलिखित मात्र पडून राहिले. मग बोअर युद्धात लेडीस्मिथला 118 दिवसांचा वेढा पडला. ते नाव वर्तमानपत्रांत रोज येऊ लागले, आणि वेढा उठल्याच्या पुढच्या वर्षी पुस्तक दुकानांत आले. ते चाळणाऱ्याला ती लेडी कुठे भेटते? पहिल्या खंडात, वॉटर्लूच्या मैदानावर, घोडी दौडवताना.