लहानग्या लुईससाठी दूध-पाव

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ आपल्या मुलीसाठी लिहिली, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते, वर्गात सांगितलेलीही असते. ग्रंथ इ.स. ११५० च्या सुमाराचा. मुलीच्या हुकलेल्या मुहूर्ताची कथा मात्र मूळ ग्रंथात नाही. ती येते फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. त्यामुळे ती गोड असली तरी तिला इतिहास म्हणता येत नाही.

पण हे पुस्तक मी माझ्या मुलासाठी लिहितो आहे, असं स्वतःच नोंदवून ठेवणारा एक बाप इतिहासात खरोखर सापडतो. त्याचं नाव जेफ्री चॉसर. ‘कँटरबरी टेल्स’ लिहिणारा हा चौदाव्या शतकातला इंग्रज कवी. पोटापाण्यासाठी त्यानं लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचे हिशेब पाहिले, पुढे राजाच्या बांधकामांवर देखरेख केली. मुलाचं नाव लुईस, वय वर्षं दहा. साल १३९१. आणि पुस्तकाचा विषय? अ‍ॅस्ट्रोलेब कसा वापरायचा!

अ‍ॅस्ट्रोलेब म्हणजे पितळी तबकडीसारखं एक यंत्र. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजायची आणि त्यावरून वेळ काढायची, दिशा ठरवायची, सूर्योदय केव्हा होईल ते सांगायचं, अशी अनेक कामं त्यावर करता येत. इस्लामी जगात त्याचा मोठा विकास झाला आणि तिथून ते युरोपात आणि भारतात पसरलं. आपल्याकडे फिरोजशाह तुघलकाच्या काळात, १३७० मध्ये, महेंद्रसूरी या जैन मुनींनी त्यावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. चॉसरच्या पुस्तकाच्या एकवीस वर्षं आधी.

लॅटिन येत नाही म्हणून?

त्या काळी युरोपात विद्येची भाषा लॅटिन होती. ऑक्सफर्डमध्ये शिकवणं लॅटिनमध्ये, ग्रंथ लॅटिनमध्ये. चॉसरनं स्वतः ज्या ग्रंथाचा आधार घेतला तोही लॅटिनच. तो माशाअल्ला या आठव्या शतकातल्या ज्योतिर्विदाच्या नावावर चालत आलेला होता. लुईसला लॅटिन अगदी थोडं येत होतं. मग बापानं काय करावं? आधी लॅटिन पक्कं कर, मग बघू, असं सांगता आलं असतं. चॉसरनं तसं केलं नाही. त्यानं साध्या इंग्रजीत लिहायला घेतलं आणि प्रस्तावनेत मुलाला त्याचं कारणही सांगितलं. ग्रीकांनी हे ज्ञान ग्रीकमध्ये मिळवलं, अरबांनी अरबीत, ज्यूंनी हिब्रूत, रोमन लोकांनी लॅटिनमध्ये. लॅटिन लोकांनीही ते आधी दुसऱ्या भाषांतूनच घेतलं आणि मग आपल्या भाषेत लिहिलं. रोमला जायला अनेक वाटा असतात, असा दाखलाही तो देतो.

तंत्राच्या विषयावर इंग्रजीत लिहिलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांत आज या पुस्तकाची गणना होते. ज्या इंग्रजीला आज आपण विज्ञानाची स्वाभाविक भाषा समजतो, तिच्या बाजूनं एकेकाळी एका बापाला असा युक्तिवाद करावा लागला होता!

सोपं काय केलं?

मुलांसाठी लिहायचं म्हणजे अवघड भाग गाळायचा, असा एक समज असतो. चॉसरनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. आधी तो यंत्र हातात देतो. कडी उजव्या हाताच्या अंगठ्यात अडकवायची, इथपासून सुरुवात. मग एकेक भाग दाखवून त्याचं नाव सांगतो. ताऱ्यांची जागा दाखवणारी जाळीदार चकती कशी दिसते? कोळ्याच्या जाळ्यासारखी. त्यानंतर एकेक कृती, आणि बऱ्याच कृतींना जोडून एक उदाहरण. ही उदाहरणं तो ‘मी असं केलं’ या पद्धतीनं देतो.

त्यातलं एक उदाहरण आपल्यालाही तपासता येतं. १२ मार्च १३९१ रोजी सकाळी त्यानं सूर्याची उंची मोजली. ती भरली २५ अंश ३० कला. यंत्रावर पाहिलं तर वेळ निघाली सकाळचे नऊ. ऑक्सफर्डचा अक्षांश तो ५१ अंश ५० कला धरतो. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे त्या काळी वसंतसंपात १२ मार्चच्या सुमाराला येत असे, म्हणजे सूर्य जवळजवळ विषुववृत्तावर होता. अशा दिवशी

साइन (उंची) = कोसाइन (अक्षांश) × कोसाइन (कालकोन)

हे सूत्र लागू पडतं. कालकोन म्हणजे सूर्य मध्यान्हापासून किती अंश दूर आहे ते, आणि १५ अंशांचा एक तास. आकडे घालून पाहा. कालकोन सुमारे ४५.८ अंश येतो, म्हणजे मध्यान्हाला ३ तास ३ मिनिटं बाकी. वेळ झाली ८ वाजून ५७ मिनिटं. सहाशे वर्षांपूर्वीचं, दहा वर्षांच्या मुलासाठी दिलेलं उदाहरण आज दहावी-बारावीच्या त्रिकोणमितीला उतरतं!

म्हणजे अंश, कला, अक्षांश यांतलं काहीही त्यानं गाळलं नाही. सोपी केली ती वाक्यं. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याबद्दल मोठ्या वाचकांची माफीही मागतो. मुलानं एकदा विसरण्यापेक्षा आपण दोनदा लिहिलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. वर्गात तोच मुद्दा तिसऱ्यांदा सांगणाऱ्या शिक्षकाला हे लगेच पटेल.

बापाचा प्रामाणिकपणा

या पुस्तकात ‘खोटं बोलू नये’ असा उपदेश कुठंही नाही. पण बाप मुलाशी कसा बोलतो ते पाहा. यातल्या काही कृती तुझ्या वयाला कठीण आहेत, हे तो सांगतो. काही कृतींतून जे मिळेल असं म्हणतात ते पूर्णपणे मिळत नाही, हेही सांगतो. हातात मावणाऱ्या लहान यंत्रावर अगदी बारीक अपूर्णांक दिसणार नाहीत, त्यासाठी मोठी कोष्टकंच लागतात, ही मर्यादा तो आधीच मान्य करतो. आणि हे ज्ञान माझं नाही, जुन्या ज्योतिर्विदांच्या श्रमांतून मी ते गोळा केलं आहे, असंही स्पष्ट सांगतो.

चॉसर त्याच्या काळाचाच माणूस होता. पृथ्वी स्थिर आणि आकाश फिरतं, हे तो गृहीत धरतो. पाचव्या भागात फलज्योतिषाचे नियम देण्याचा त्याचा बेतही होता. तरी दुसऱ्या भागात जन्मलग्नाचा विषय निघतो तेव्हा, असल्या भाकितांवर आपला विश्वास नाही, असं तो मुलाला सांगून टाकतो.

पाच भागांची योजना होती, पण आज आपल्याला मिळतात ते पहिले दोनच, आणि दुसराही अपुरा वाटतो. उरलेलं का राहून गेलं, ते कळत नाही. लुईसबद्दलही फारशी माहिती नाही. १४०३ च्या सुमाराला वेल्समधल्या कार्मार्थेनच्या किल्ल्यावर असलेल्या शिपायांच्या एका नोंदीत हे नाव आढळतं, एवढंच. तो ज्योतिर्विद झाल्याची खूण नाही. पुस्तक मात्र टिकलं. त्याच्या तीसहून अधिक हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत. एका मुलासाठी लिहिलेलं कितीतरी मोठ्यांना हवंसं वाटलं. काही प्रतींवर नकलाकारांनी त्याला नावही दिलेलं दिसतं: ‘मुलांसाठी दूध-पाव’. आपण कदाचित दूधभात म्हटलं असतं.

करून पाहा

कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा. मध्यबिंदूपासून दोरा सोडून त्याला एक नट बांधा. नळी सूर्याकडे रोखा, पण डोळा कधीही नळीला लावू नका. नळीतून आलेला प्रकाशाचा गोल ठिपका तळहातावर पडला की दोरा कुठल्या अंशावर आहे ते वाचा. ९० अंशांच्या खुणेपासून दोरा जितका सरकला, तितकी सूर्याची उंची. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास हे केलंत तर वरच्या सूत्रात आपल्या गावाचा अक्षांश घालून वेळ काढता येईल. ती घड्याळाशी नेमकी जुळणार नाही. का जुळत नाही, हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर सांगायची घाई करू नका. आणि सांगाल तेव्हा मुलं घरी बोलतात त्या भाषेत, लागलं तर दोनदा सांगा.