'डीम' : एका इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

'डीम' हे क्रियापद इंग्रजी अधिनियमांत पदोपदी भेटते. बोलण्यात मात्र क्वचितच. कोशांत त्याचा अर्थ 'मानणे, समजणे' असा दिलेला असतो. तो चुकीचा नाही. परंतु तेवढ्यावर थांबणाऱ्यास या शब्दाचे कायद्यातील कार्य उमगत नाही.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'न्यायनिवाडा करणे' असा होता. निवाडा किंवा कायदा या अर्थाच्या 'दोम' या नामापासून ते साधलेले असून, पुढील प्रत्ययाच्या प्रभावाने मूळ ओकाराचा एकार झाला. 'फूड' व 'फीड' या जोडीतही हाच स्वरविकार दिसतो. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या विधिसंग्रहास 'दोमबोक' म्हणत. या 'दोम'चा धातू संस्कृत 'धा' या धातूचा सगोत्र होय. ऋग्वेदात 'धामन्' हा शब्द स्थानाप्रमाणेच नियम या अर्थीही येतो. आणि विधि, विधान, संविधान हे आपले शब्दही याच 'धा'चे.

1066 च्या नॉर्मन विजयानंतर न्यायालयात फ्रेंच भाषा आली आणि तिच्याबरोबर 'जज' हा शब्दही आला. जुना शब्द एकदम हटला नाही. चौदाव्या शतकात विक्लिफच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या बायबलात जेथे 'डीम' आहे, तेथे 1611 च्या भाषांतरात 'जज' आढळतो. न्यायासनावरून उतरलेले हे क्रियापद पुढे व्यक्तीचे मत सांगण्यापुरते उरले. आयल ऑफ मॅन या बेटावर मात्र न्यायाधीशास अद्याप 'डीमस्टर' म्हणतात.

अधिनियमांतील त्याचे कार्य या दोहोंहून निराळे आहे. तेथे जे वस्तुतः नाही, किंवा ज्याविषयी शंका आहे, ते 'आहे' असे धरून चालण्याची आज्ञा हे क्रियापद देते. निवाड्यात पुरावा पाहावा लागतो, मतालाही काही आधार लागतो; या कल्पितास कायदेमंडळाची इच्छा पुरते. हे कल्पित एकदा स्वीकारले की त्यातून अपरिहार्यपणे निघणारे परिणामही स्वीकारले पाहिजेत, असे लॉर्ड अ‍ॅस्क्विथ यांनी ईस्ट एंड ड्वेलिंग्ज खटल्यात प्रतिपादिले. मुंबई राज्याच्या इमारत-नियंत्रण कायद्याविषयीच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1953 साली तेच तत्त्व अनुसरले.

मराठीत हा अर्थ आणताना दोन वाटा निघाल्या. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 याच्या कलम 3 मध्ये एखादी संस्था विद्यापीठ असल्याचे 'डीम' करण्याची तरतूद आहे. अशा संस्थेला आपण 'अभिमत विद्यापीठ' म्हणतो. 'अभिमत' म्हणजे संमत, इष्ट किंवा मत. या शब्दाने मधल्या काळातील अर्थ उचलला आणि कायद्यातील अर्थ सोडला. संस्था विद्यापीठ नसून अधिनियमापुरती तशी धरावयाची आहे, ही गोष्ट या भारदस्त विशेषणात लोपते. इंग्रजीतही ती लोपलीच होती. कारण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आयोगाला अशा संस्थांना आपल्या नावातून 'युनिव्हर्सिटी' हा शब्द काढावयास सांगावे लागले. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दच्छल नव्हे.

दुसरी वाट 'मानीव' या शब्दाची. ती अधिक नेमकी आहे. कारण मराठीत 'मानलेला भाऊ' म्हणताच रक्ताचे नाते नाही, तरी व्यवहार भावाचा, हे कोणासही सांगावे लागत नाही. विकासकाने जमिनीचे हस्तांतरण करून देण्यास टाळाटाळ केली, तर महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेला 'मानीव अभिहस्तांतरणा'साठी अर्ज करता येतो. (यातील दुसरा शब्द किती सभासदांना उच्चारता येतो, हा प्रश्न वेगळा.) येथे गंमत अशी की, सक्षम प्राधिकारी कागदपत्रे तपासतो, विकासकास म्हणणे मांडण्याची संधी देतो आणि मगच प्रमाणपत्र देतो. म्हणजे नाव कल्पिताचे असले, तरी कृती निवाड्याची आहे. आल्फ्रेडच्या काळी या क्रियापदाने दाखविली जाई तीच.