ठशातले फूल

ठसा हा शब्द मूळचा मोठ्या घरचा. टांकसाळीत नाण्यावर पडायचा तो ठसा, नि जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरच्या सरकारी पत्रावर उमटायचा तोही ठसाच. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपेल तेथे मोर्तब. ते पडले की त्याखाली कोणाला एक अक्षर घुसडण्याची सोय नसे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण तेथूनच उचलला. हुकमाचे हे हत्यार पुढे दिवाळीच्या शुभेच्छांचे फूल उमटवू लागले, ही हकीकत मला त्या साऱ्या सनदांहून गोड वाटते.

घरगुती पत्राला शिक्का नव्हता, पण खूण होती. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना ओल्या कुंकवाचे बोट लावीत. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती, तिचाही त्या पत्रात एवढा हात असे.

छापील शुभेच्छापत्राची कुळकथा मात्र विलायती आहे. तेथे १८४० साली पेनीचे टपाल सुरू झाले आणि १८४३ च्या नाताळात हेन्री कोल या गृहस्थांनी हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून चित्र काढवून त्याच्या हजार प्रती शिळाछापावर काढल्या. रंग हातांनीच भरले होते! किंमत एक शिलिंग. म्हणजे गरिबाने लांबूनच पाहावी अशी. आपल्याकडे गरिबाचे टपाल आले ते १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याच्या पोस्टकार्डाने.

ठशांची खरी खाण निघाली ती छापखान्यांत. पोलादावर अक्षर वा वेलबुट्टी उलटी कोरायची, तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका करायची, नि तिच्यात शिशाचा रस ओतून हवे तितके खिळे पाडायचे. अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' सुरू केले. त्याच मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात जावजी दादाजी लहानपणी खिळे घासण्याच्या कामावर होते. पुढे १८६९ साली त्यांनी निर्णयसागर काढला. पानाच्या चौकटीतली नाजूक फुलेसुद्धा अशीच शिशात ओतलेली असत. असो.

हे सारे मुलांना समजावून द्यायला पोलाद लागत नाही, भेंडी पुरते. देठाकडून बोटभर सोडून आडवी चिरावी. पाच शिरांच्या पाच पाकळ्या आयत्याच तयार. भेंडी जास्वंदीच्या गोतातली, तेव्हा हे फूल काही अगदीच उसने नव्हे. काप फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर चिकटपणाने रंग फाटतो. पहिला ठसा रद्दीवर मारावा. दुसरा-तिसरा उमटतो तो खरा. उठावाचे फूल हवे असेल तर कापड छापायच्या लाकडी छापावर ओलसर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासावे. आणि कडेला नक्षी? आईच्या फराळाच्या डब्यांमागे करंजीचे कातणे असतेच. कागद त्याने धड कापत नाही, पण दाबून फिरवले की दातेरी रेघ सुरेख पडते.

आमच्या पाथर्डी भागात या कार्डांना पत्ते शोधावे लागत नाहीत. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच जिल्ह्याच्या या कोरड्या अंगाची माणसे दसरा झाला की कोयता घेऊन बाहेर पडतात. कैकांची दिवाळी उसाच्या फडातच होते. आजीजवळ मागे राहिलेली मुले भेंडीची फुले त्यांनाच धाडतात. कोपीला घरक्रमांक कुठला? म्हणून बापाच्या नावाखाली मुकादमाचे नाव, त्याखाली कारखान्याचे. मोबाइल आहेत, पण मोबाइलमधला दिवा पिशवीत जपून ठेवता येत नाही, असे एका पोरीनेच मला ऐकवले.

तिने पत्त्याशेजारीही एक तांबडे फूल उमटवले होते. चैत्रात आईबाप परतले तेव्हा ते कार्ड आईच्या पिशवीत निघाले. टपालखात्याचा काळा शिक्का नेमका फुलावर बसला होता, आणि खालून तीन पाकळ्या दिसत होत्या.