निरोगी शेजारी: बंदिवासातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अकस्मात मृत्यूंचा शोध

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातील पहिले स्वतंत्र दालन उघडले, आणि साप, सरडे, कासवे काचेआड ठेवण्याची जी हौस तेव्हापासून युरोप-अमेरिकेत वाढत गेली, तिच्या पाठोपाठ या प्राण्यांच्या कारण न कळणाऱ्या मृत्यूंचा प्रश्नही आला. सस्तन प्राणी किंवा पक्षी मेला तर त्याच्या आजाराचा माग काढण्याची पद्धत लवकर रुजली. साप मेला तर मात्र त्याला बंदिवास मानवला नाही, असे म्हणून विषय संपत असे. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात 1901 साली पेनरोज संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगाने शरीरात घडवलेले बदल अभ्यासणारे तज्ज्ञ, हर्बर्ट फॉक्स यांनी शवविच्छेदनांच्या आधारे 1923 साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्याच्या शीर्षकात बंदिवासातील वन्य सस्तन प्राणी आणि पक्षी एवढ्यांचाच उल्लेख आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे त्या काळच्या वैद्यकातील स्थान त्यावरून पुरेसे कळते.

या उपेक्षेला प्राण्यांची शरीररचनाही काही प्रमाणात जबाबदार होती. सरपटणारा प्राणी शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही, ती भोवतालातून घेतो. त्यामुळे त्याचे पचन, त्याची रोगप्रतिकारशक्ती आणि त्याच्या आजाराची गती या सर्व गोष्टी भोवतालच्या तापमानाशी बांधलेल्या असतात. महिनोन्महिने उपाशी राहणे आणि दिवसेंदिवस निश्चल पडून राहणे हे निरोगी सापालाही शक्य असल्याने आजारी साप आणि विसावलेला साप यांतला फरक पाळणाऱ्याच्या नजरेला सहज पडत नाही. म्हणून ज्याला अकस्मात मृत्यू म्हटले जाते, तो बहुतेक वेळा दीर्घ आजाराचा शेवट असतो. अकस्मात असते ते फक्त माणसाच्या लक्षात येणे. या शोधाचा सारा इतिहास लक्षात येण्याचा तो क्षण मागे मागे नेण्याचा इतिहास आहे, आणि त्यात पुन्हा पुन्हा एकच आकृती उमटते: मेलेल्या प्राण्याच्या आजाराचे मूळ शेजारच्या, वरवर धडधाकट दिसणाऱ्या प्राण्यात सापडते.

ही आकृती पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती 1930 च्या दशकात. पेनरोज प्रयोगशाळेतील हर्बर्ट रॅटक्लिफ आणि त्यांचे सहकारी क्वेंटिन गायमन यांनी मेलेल्या सापांची आतडी उघडून पाहिली, तेव्हा मोठ्या आतड्यात खोल व्रण आणि यकृतात मृत ऊतींचे पट्टे आढळले, आणि त्या व्रणांत अमीबा हा एकपेशीय जीव होता. माणसाला आमांश करणाऱ्या अमीबाशी त्याचे इतके साम्य होते की केवळ सूक्ष्मदर्शकातून दोघांत भेद करणे अवघड होते. बेल्जियन शास्त्रज्ञ जेरोम रोडेन यांनी 1934 साली त्याला ‘एन्टअमीबा इन्व्हेडेन्स’ हे नाव दिले, ज्यातील उत्तरपदाचा अर्थ आक्रमण करणारा असा होतो. पुढील अभ्यासांतून असे स्पष्ट झाले की हाच अमीबा कासवांच्या आणि मगरींच्या आतड्यात बहुधा काहीही इजा न करता राहतो आणि त्यांच्या विष्ठेतून, कवच धारण केलेल्या सुप्त अवस्थेत, म्हणजे पुटीच्या रूपात, बाहेर पडतो. ही पुटी पाण्यातून किंवा साफसफाईच्या साधनांतून सापाच्या पिंजऱ्यात पोहोचली की साप दगावतो. एकाच दालनात, एकाच नोकराच्या हाताखाली, एकाच बादलीतल्या पाण्यावर साप आणि कासवे ठेवण्याची रूढ पद्धत घातक होती, ती यामुळे. आणि साप व कासवे वेगवेगळी ठेवण्याचा आज सर्वमान्य असलेला नियम त्या शवविच्छेदनांतून आला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे प्राणी प्राणिसंग्रहालयांतून घरांत आले. ब्रिटनमध्ये भूमध्य समुद्राकाठची कासवे हजारोंच्या संख्येने आयात होऊन मुलांचे खेळगडी म्हणून विकली जात, आणि त्यांतील असंख्य कासवे पहिल्याच हिवाळ्यात शीतनिद्रेत मरत. ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्याने 1970 च्या दशकाच्या अखेरीस या मृत्यूंकडे पाहण्याची एक साधी आणि उपयुक्त रीत दिली: कासवाच्या पाठीची लांबी मोजावी, त्याचे वजन करावे, आणि निरोगी कासवांच्या नोंदींवरून काढलेल्या आलेखाशी ते ताडून पाहावे. त्या लांबीच्या मानाने वजन कमी भरले, तर अंगात पुरेसा साठा नाही असे समजून त्या कासवाला त्या वर्षी निजू देऊ नये. वसंतात मेलेले आढळणारे कासव शरद ऋतूतच मरणाच्या वाटेला लागलेले असते, हे या आलेखाने घरोघरच्या तराजूवर दाखवून दिले. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, केवळ फूटपट्टी आणि तराजू एवढ्यावर उभ्या राहिलेल्या या पद्धतीने किती जीव वाचवले असतील याची गणना कोणी केलेली नाही, तरी या इतिहासात तिला मानाचे स्थान दिले पाहिजे. अशा कासवांची व्यापारी आयात युरोपीय समुदायाने 1984 पासून बंद केली.

काही मृत्यूंचे मूळ रोगात नव्हते, पाळणाऱ्याच्या सद्हेतूत होते. जंतनाशक म्हणून गुराढोरांत उत्तम ठरलेले आयव्हरमेक्टिन कासवांना दिल्यास त्यांचे स्नायू लुळे पडून मृत्यू ओढवू शकतो, हे 1983 साली प्रसिद्ध झाले. दाढीवाला सरडा, अर्थात बिअर्डेड ड्रॅगन, हा मूळचा ऑस्ट्रेलियातील प्राणी. त्याला अमेरिकेत अंगणातले काजवे खाऊ घातले गेले आणि तो तासाभरात मेला, अशा घटनांचा उलगडा टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली केला. काजव्यांच्या अंगात हृदयाला घातक ठरणारे द्रव्य असते. अमेरिकेतील स्थानिक सरडे त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. ज्या भूमीत तसले काजवे नाहीत तेथून आलेल्या सरड्याला मात्र ते टाळण्याची उपजत जाण नव्हती.

विषाणूंचा अध्याय स्वित्झर्लंडमधील एका सर्पशाळेत सुरू झाला. तेथे 1972 साली दक्षिण अमेरिकेतील ‘फेर-द-लान्स’ या विषारी सापांमध्ये मृत्यूंची साथ पसरली. स्नायूंतील ताण जाऊन साप लांब पसरत, तोंड उघडे टाकत आणि मरत. मृत सापापासून वेगळ्या केलेल्या विषाणूचे वर्णन 1979 साली प्रसिद्ध झाले. गोवर आणि गालगुंड यांचे विषाणू ज्या पॅरामिक्सोव्हायरस कुळातले, त्याच कुळातला तो होता. हा विषाणू फुप्फुसांवरही घाला घालतो, त्यामुळे फुप्फुसदाहाने साप मेला तर दोष थंडीला किंवा ओलाव्याला देण्याची जुनी सवय यानंतर टिकणे शक्य नव्हते.

त्याच दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत बोआ आणि अजगर यांच्यात आणखी एक विलक्षण आजार दिसू लागला होता. साप खाल्लेले ओकून टाकी, त्याचा तोल जाई, उताणा पडला तर त्याला सुलट होता येत नसे, आणि मान वर वळवून तो आकाशाकडे पाहत असल्यासारखा दिसे. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांच्या पेशींत प्रथिनाचे गोळे साचलेले दिसत. अशा गोळ्यांना विकृतिशास्त्रात ‘इन्क्लूजन बॉडी’ म्हणतात, आणि त्यावरूनच आजाराला नाव पडले. फ्लोरिडा विद्यापीठातील एलियट जेकबसन आणि युर्गन शूमाखर यांनी सहकाऱ्यांसह 1994 साली त्याचे सविस्तर वर्णन केले, परंतु कारणाबद्दलचा तर्क तेव्हा रेट्रोव्हायरस या गटाकडे झुकला, आणि तो चुकीचा ठरला. या चुकीला कारण होते: सापांच्या जनुकसंचात जुन्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष कायमचे मिसळलेले असतात, त्यामुळे शोधायला गेले की ते सापडतच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात झाडावरच्या बोआंमध्ये हा आजार पसरला, आणि त्याच शहरातील विद्यापीठात जोसेफ डेरिसी यांच्या प्रयोगशाळेत मार्क स्टेंगलाइन यांनी निराळी वाट धरली. विशिष्ट संशयिताचा शोध न घेता, आजारी आणि निरोगी सापांच्या ऊतींतील सगळा आरएनए वाचून काढायचा आणि सापाचा स्वतःचा नसलेला भाग वेगळा करायचा, अशी ती पद्धत होती. 2012 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत जो विषाणू पुढे आला, तो अरेनाव्हायरस कुळातला निघाला. हे कुळ तोपर्यंत केवळ सस्तन प्राण्यांत, मुख्यतः उंदीरवर्गीयांत, ठाऊक होते. पेशींतील ते गोळे याच विषाणूच्या प्रथिनाचे होते, आणि त्याच्या बाह्य आवरणावरचे प्रथिन तर इबोलाच्या कुळाशी नाते सांगणारे होते. ज्या प्राण्यांच्या मृत्यूची दखल घेण्याचे कारण एकेकाळी कोणाला वाटत नव्हते, त्यांच्या शवांनी विषाणूंच्या वंशावळीची मांडणी बदलायला लावली.

या सर्व शोधांचा आधार मृत शरीर हाच आहे, आणि नेमके तेच बहुतेक वेळा हातचे जाते. उष्ण दिव्याखाली पडलेले शव काही तासांत कुजू लागते. गोठवले तर बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात. म्हणून ते न गोठवता थंड ठेवून शक्य तितक्या लवकर पशुवैद्याकडे पोहोचवावे लागते. भारतात त्यात कायद्याची अडचण मिसळते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तारांकित कासवासारखे देशी प्राणी घरी पाळणे गुन्हा असल्याने चोरून ठेवलेले कासव मेले तर ते गुपचूप पुरले जाते आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो. विदेशी प्राण्यांबाबत केंद्र सरकारने जून 2020 मध्ये सूचनापत्र काढून ऐच्छिक नोंदणीची सोय केली आणि पुढील काळात प्राण्याचा मृत्यूही कळवण्यास सांगितले. मुंबई-पुण्याच्या घरांतील बॉल पायथन जातीचे अजगर आणि इग्वाना सरडे यांचे मरण शासकीय नोंदीत येण्याची ही सुरुवात होती.

अरेनाव्हायरसच सापांमधला तो इन्क्लूजन बॉडीचा आजार घडवतो की नाही, हे सिद्ध करणारा प्रयोग स्टेंगलाइन आणि सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केला. बोआ आणि बॉल पायथन या दोन्ही जातींच्या सापांना विषाणू टोचला गेला. पायथनांच्या मज्जासंस्थेवर सुमारे दोन महिन्यांत तीव्र परिणाम दिसला. बोआंच्या शरीरात विषाणू टिकून राहिला, पेशींत ते गोळेही तयार झाले, पण दोन वर्षे उलटली तरी आजाराचे एकही लक्षण त्यांच्यात बाहेरून दिसले नाही.